आधी कागद, मग इंजिन
कॅलिफोर्नियात हॉट रॉड बांधू पाहणाऱ्यांसाठी

हॉट रॉड बांधायची हौस ज्याला लागते, त्याची नजर आधी इंजिनावर जाते, मग बॉडीवर, मग रंगावर. कागदपत्रांची आठवण गाडी उभी राहिल्यावर येते. कॅलिफोर्नियात हा क्रम उलटा लावावा लागतो. गाडी रस्त्यावर धावणार की गॅरेजात ताडपत्रीखाली पडून राहणार, हे अश्वशक्तीवर ठरत नाही. टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, कोणतं साल छापलंय आणि इंजिन कोणत्या सालचं आहे, या दोन आकड्यांवर ते ठरतं.

बे एरियात, लॉस एंजेलिसमध्ये, सॅन डिएगोत राहणारे आणि शनिवार-रविवारी हातात पाना घेऊन गाडीखाली शिरणारे जे मराठी वाचक असतील, त्यांच्यासाठी हा लेख आहे. इतर राज्यांत राहणाऱ्यांसाठी आणि ‘असं आपल्याकडे करता येईल का?’ असं पुण्या-कोल्हापुरातून विचारणाऱ्यांसाठी शेवटी वेगळे मुद्दे दिले आहेत.

हौस आणि कायदा, दोन्ही एकाच गावचे

फोर्डने १९३२ साली सामान्य गिऱ्हाइकाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ इंजिन घातलं. २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी या आणि आधीच्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड उतरवले, बॉनेट काढलं, वजन कमी केलं आणि म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांत त्या पळवल्या. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. १९४८ साली ‘हॉट रॉड’ मासिक सुरू झालं. १९५५ साली शेव्हरोलेचं ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ आलं, आणि जुन्या फोर्डात शेव्हीचं इंजिन बसवणं हा रिवाजच पडला.

त्याच लॉस एंजेलिसवर जुलै १९४३ मध्ये डोळे झोंबवणारं दाट धुरकं उतरलं. युद्धाचे दिवस होते. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी लोकांना शंका आली. कॅलटेकमधले जन्माने डच असलेले शास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी पुढे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं कोडं सोडवलं. गाड्यांतून आणि तेल-कारखान्यांतून बाहेर पडणारे न जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि डोळ्यांत पाणी आणणारं धुरकं त्यातूनच बनतं. १९६७ साली कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाची स्थापना झाली आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. हॉट रॉडवाले आणि एअर बोर्ड हे असे जुने शेजारी आहेत. एकमेकांशी त्यांचं फार पटत नाही, पण घर सोडून कोणीच जात नाही.

आज तुमचा संबंध तीन कार्यालयांशी येईल. नोंदणी आणि टायटल डीएमव्हीकडे, म्हणजे राज्याच्या मोटार वाहन खात्याकडे. धुराची तपासणी, म्हणजे ‘स्मॉग चेक’, ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे. कोणता सुटा भाग रस्त्यावरच्या गाडीला लावता येईल, हे एअर बोर्डाकडे. एकाने ‘चालेल’ म्हटलं म्हणून दुसऱ्याने म्हटलं असं होत नाही. गोंधळ बहुतेक वेळा इथेच सुरू होतो.

सालांची उतरंड

गाडी बघायला जाण्याआधी पुढचे चार टप्पे पक्के लक्षात ठेवा.

*१९६५ आणि त्याआधीच्या अमेरिकी गाड्या.* कायद्याच्या भाषेत या ‘अनियंत्रित’ गाड्या आहेत, कारण कारखान्यातून बाहेर पडताना त्यांच्यावर धुराचं बंधन नव्हतं. अमेरिकेत बनलेल्या पण कॅलिफोर्नियासाठी प्रमाणित न झालेल्या गाड्यांसाठी आणि परदेशी बनावटीच्या गाड्यांसाठी ही मर्यादा १९६७ पर्यंत जाते. इंजिन, कार्ब्युरेटर, कॅमशाफ्ट, हेडर यांत हवा तो बदल करायची खरी मोकळीक इथे आहे.

*१९६६ ते १९७५.* पेट्रोलवर चालणाऱ्या १९७५ पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग चेक लागत नाही. यावरून बरेच जण समजतात की या गाड्यांनाही सगळं माफ आहे. तसं नाही. तपासणी माफ आहे, कायदा माफ नाही. कारखान्याने बसवलेली प्रदूषण नियंत्रणाची साधनं काढणं किंवा त्यांत फेरफार करणारा विनापरवाना भाग लावणं या गाड्यांनाही मना आहे. दर दोन वर्षांनी बॉनेट उघडून कोणी बघत नाही, एवढाच फरक.

*१९७६ ते १९९५.* इथे खरी कसोटी आहे. दर दोन वर्षांनी, गाडीचा मालक बदलताना आणि बाहेरच्या राज्यातून आणून पहिली नोंदणी करताना स्मॉग चेक लागतो. नळीतून बाहेर पडणारा धूर तर मोजतातच. शिवाय बॉनेटखालचा एकेक भाग डोळ्यांनी तपासतात आणि इंधनाच्या वाफा कुठून निसटत नाहीत ना, हेही पाहतात.

*१९९६ पासून पुढे.* या वर्षापासून गाड्यांमध्ये ओबीडी-२ ही संगणकी निदानव्यवस्था सक्तीची झाली. २००० पासूनच्या गाड्यांची तपासणी प्रामुख्याने तिच्यामार्फत होते. जुलै २०२१ पासून इंजिनच्या संगणकातलं सॉफ्टवेअर कारखान्याचं आहे की बदललेलं, हेही तपासलं जातं. बाजारातून ‘ट्यून’ भरून घेतलेली गाडी त्या ट्यूनला एअर बोर्डाची मंजुरी नसेल तर नापास होते, धूर कितीही स्वच्छ असो.

१९७५ ही रेघ इतकी ठाम का, असा प्रश्न पडेल. पूर्वी ती तशी नव्हती. तीस वर्षांहून जुनी गाडी आपोआप सुटायची, आणि दरवर्षी एकेक साल सुटत पुढे सरकायचं. २००४ साली झालेल्या कायद्याने ही सरकती सूट थांबवली आणि रेघ कायमची १९७५-७६ वर येऊन बसली. १९७६ची गाडी आता पन्नाशीला आली, तरी तिची तपासणी चालूच आहे. पस्तीस वर्षांहून जुन्या, संग्राहकाचा विमा असलेल्या गाड्यांना सूट द्यावी असं विधेयक २०२५ साली मांडलं गेलं. टीव्हीवरचे विनोदवीर आणि गाड्यांचे संग्राहक जे लेनो त्याच्या पाठीशी होते, म्हणून ते ‘लेनोचा कायदा’ या नावाने गाजलं. राज्याच्या सिनेटमध्ये ते मंजूर झालं, पण असेंब्लीच्या खर्चविषयक समितीत अडकलं. तेव्हा ‘कायदा बदलणारच आहे’ असं सांगून कोणी १९७८ची गाडी तुमच्या गळ्यात मारत असेल, तर किंमत आजच्या कायद्यानुसार ठरवा.

‘ईओ’ क्रमांक नसेल तर भाग घेऊ नका

नियंत्रित गाडीला, म्हणजे साधारण १९६६ पासूनच्या गाडीला, धुरावर परिणाम करणारा बाजारातला कोणताही भाग लावायचा तर एअर बोर्डाची एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, म्हणजे ‘ईओ’, हवी. इनटेक मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर, हेडर, सुपरचार्जर, इग्निशन, संगणकाचा ट्यून हे सगळं त्यात येतं. राज्याच्या वाहन कायद्याचं कलम २७१५६ हे सांगतं. मंजूर भागाला ‘डी’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक असलेलं स्टिकर भागाबरोबर येतं.

इथे तीन खबरदाऱ्या घ्या. पहिली, ईओ नेमका कोणत्या गाडीसाठी, कोणत्या सालांसाठी आणि कोणत्या इंजिनासाठी आहे, ते एअर बोर्डाच्या यादीत जाऊन स्वतः वाचा. १९८७च्या गाडीसाठी मंजूर असलेला हेडर १९८२च्या गाडीवर चालेलच असं नाही. दुसरी, ते स्टिकर डब्यात टाकून ठेवू नका. बॉनेटखाली सहज दिसेल अशा जागी चिकटवा. तिसरी, पाकिटावर ‘फक्त शर्यतीसाठी’ छापलेलं असेल तर तो सल्ला नाही, ती कबुली आहे. असा भाग रस्त्यावरच्या नियंत्रित गाडीवर चालत नाही.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे नियम आणखी कडक आहेत. कॅलिफोर्नियात बाजारातून घ्यायचा कन्व्हर्टर एअर बोर्डाने मंजूर केलेलाच असावा लागतो. भंगारवाल्याकडचा जुना कन्व्हर्टर काढून आपल्या गाडीला लावणं कायद्यात बसत नाही. इतर राज्यांत स्वस्तात मिळणारा कन्व्हर्टर ऑनलाइन मागवून बसवलात, तर तपासणीत तो क्रमांकावरूनच ओळखला जातो.

धुराच्या जोडीला आवाजही आहे. गाडीच्या सायलेन्सरला ९५ डेसिबलची मर्यादा आहे. बांधताना नळ्या उघड्या ठेवायचा मोह होतो; पोलिसाने थांबवलं की तो पहिल्यांदा कान देतो, मग बॉनेट उघडायला सांगतो.

धूर स्वच्छ, तरी नापास

नवख्या बांधणाऱ्याला हे सगळ्यात जास्त खटकतं. १९७९च्या गाडीत त्याने नवंकोरं इंजिन बसवलं. मोजणी केली तर धूर मूळ इंजिनापेक्षाही कमी. तरी नापास, कारण बॉनेटखाली मूळचा हवेचा पंप नाही, एअर क्लीनर दुसराच आहे, कार्ब्युरेटरला ईओ नाही.

यामागे तर्क आहे. कारखान्याने जी गाडी मंजूर करून घेतली, ती इंजिन, पंप, व्हॉल्व्ह, टाकी, वाफ साठवणारा कॅनिस्टर, नळ्या या सगळ्या साखळीसकट मंजूर झाली होती. तपासणीच्या दिवशी मोजलेला धूर एका क्षणाचा असतो. वर्षभर, थंडीत, चढावर, टाकी उन्हात तापलेली असताना गाडी काय करते, हे त्या साखळीवर अवलंबून असतं. म्हणून परीक्षक साखळी शाबूत आहे का ते बघतो.

हे लक्षात घेतलं की काही गोष्टी आपोआप कळतात. बॉनेटखाली कारखान्याचं जे प्रदूषणाचं लेबल असतं, ते रंगकामात झाकू नका, खरवडू नका. त्यावर कोणती साधनं हवीत आणि व्हॅक्यूमच्या नळ्या कशा जोडायच्या, याची आकृती असते. परीक्षक तीच बघून तपासतो. डिकीत शर्यतीची टाकी बसवायची असेल तर वाफ साठवणारा कॅनिस्टर आणि त्याच्या नळ्या कुठे जोडणार, ते आधी ठरवा. १९७६ ते १९९५च्या गाड्यांची टाकी कमी दाबाखाली तपासली जाते, आणि टाकीचं झाकण घट्ट बसत नसेल तरी गाडी परत पाठवतात.

तपासणीला नेताना गाडी आधी वीस मिनिटं तरी नीट चालवा. कन्व्हर्टर गरम झाल्याशिवाय काम करत नाही. १९९६ नंतरच्या गाडीची बॅटरी काढून लगेच तपासणीला नेऊ नका. संगणकाची आतली तपासणी पुन्हा पूर्ण होईपर्यंत गाडी ‘तयार नाही’ असंच दाखवते.

इंजिन बदलताना

नियंत्रित गाडीत दुसरं इंजिन बसवायला बंदी नाही. अटी मात्र स्पष्ट आहेत.

इंजिन गाडीच्या सालचं किंवा त्याहून नवं हवं. जुनं चालणार नाही. १९८५च्या गाडीत १९७०चं इंजिन घालता येत नाही. १९७०च्या गाडीत १९८५चं घालता येतं.

गाडी कॅलिफोर्नियासाठी प्रमाणित असेल, तर इंजिनही कॅलिफोर्नियासाठी प्रमाणित असावं. भंगारात मिळालेल्या इंजिनाची मूळ गाडी कोणती होती, हे कागदावर दाखवता आलं पाहिजे.

वर्ग जुळला पाहिजे. जड ट्रकचं इंजिन हलक्या गाडीत घालता येत नाही, क्षमता तेवढीच असली तरी. जनरेटर किंवा कारखान्यातलं औद्योगिक इंजिन नियंत्रित चासीत अजिबात चालत नाही.

इंजिनाबरोबर त्याची सगळी साखळी आणावी लागते. संगणक, ऑक्सिजन सेन्सर, कन्व्हर्टर, कॅनिस्टर, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा, निदानयंत्र जोडायचं सॉकेट, सगळं. दोन गाड्यांची साधनं मिसळून एक व्यवस्था बनवणं सहसा मान्य होत नाही. म्हणून भंगारवाल्याकडून नुसतं इंजिन उचलण्यापेक्षा अपघातात मोडलेली अख्खी गाडी घेणं बहुधा स्वस्त पडतं.

काम झालं की साध्या स्मॉग केंद्रावर जायचं नाही. ब्युरोच्या ‘रेफरी’कडे वेळ घेऊन जायचं. तो साल, वर्ग आणि साधनं तपासतो, आणि सगळं जमलं की दाराच्या खांबावर एक लेबल लावतो. पुढच्या तपासण्यांत साधं केंद्र त्या लेबलानुसार गाडी पाहतं. हा रेफरी परीक्षेतल्या सुपरवायझरसारखा धाक घालणारा वाटतो, पण खरं तर तो तुमच्या बाजूने असतो. काम अर्ध्यावर असताना त्याच्याकडून शंका विचारून घ्या. पूर्ण झाल्यावर तोडून बसवण्यापेक्षा ते परवडतं.

ज्यांना हे सगळं स्वतः जुळवायचं नाही, त्यांच्यासाठी तयार वाट आहे. जनरल मोटर्सने २००९ साली ‘ई-रॉड’ नावाचं पॅकेज जाहीर केलं. एलएस-३ इंजिन, संगणक, सेन्सर, कन्व्हर्टर, कॅनिस्टर आणि पेडल, सगळं एकत्र, एअर बोर्डाच्या मंजुरीसह. १९९५ आणि त्याआधीच्या गाड्यांसाठी ते कॅलिफोर्नियासह पन्नासही राज्यांत चालतं. नुसत्या इंजिनाच्या तुलनेत महाग आहे, पण रेफरीसमोर उभं राहताना त्याची किंमत वसूल होते.

फायबरची बॉडी, नवी चासी: वर्षाला ५०० जागा

आज दिसणाऱ्या बऱ्याच ‘१९३२ फोर्ड’ प्रत्यक्षात १९३२च्या नसतात. बॉडी फायबरग्लासची किंवा नव्या पत्र्याची, चासी नवी, इंजिन क्रेटमधून आलेलं. कायद्याच्या दृष्टीने ही जुनी गाडी नाही. ती ‘विशेष बांधणीची’ गाडी ठरते. मूळ १९३२च्या चासीवर, मूळ टायटलसह डागडुजी केलेली गाडी आणि सुट्या भागांतून उभी केलेली गाडी या दोन वेगळ्या जाती आहेत. दुसऱ्या जातीला पहिलीचं टायटल लावणं म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र देणं.

विशेष बांधणीच्या गाड्यांसाठी २००१ साली मंजूर झालेला एसबी १०० हा कायदा उपयोगी पडतो. त्यानुसार दर कॅलेंडर वर्षात ५०० गाड्यांना डीएमव्ही क्रमप्रमाणपत्र देते, जो आधी येईल त्याला आधी. ते मिळालं की मालकाला निवड करता येते. बॉडी ज्या सालासारखी दिसते ते साल घ्यायचं, किंवा इंजिन ज्या सालचं आहे ते. कुठल्याच सालाशी जुळत नसेल तर १९६० धरलं जातं. त्या सालासाठी जी साधनं लागतात, तेवढीच लावायची. बॉडी १९३२ची निवडली तर साधनांचा प्रश्नच उरत नाही. साल कोणतं लागू होतं, हे रेफरी तपासून ठरवतो.

अर्जाचा काळ वर्षाच्या पहिल्या कामाच्या दिवसापासून सुरू होतो. म्हणून डिसेंबरातच तयारी ठेवा. प्रत्येक मोठ्या भागाची पावती जपून ठेवा: इंजिन, गिअरबॉक्स, चासी, बॉडी. पावती नसेल तर विकणाऱ्याकडून सही करून लिहून घ्या. बांधणीचं निवेदन, सुरक्षेच्या तपासणीचा दाखला आणि हायवे पोलिसांकडून ओळख क्रमांकाची पडताळणी, हे सगळं लागतं. एका फाइलमध्ये तारखेवार लावून ठेवा.

जुना पत्रा आणि नवी चासी अशी सरमिसळ असेल तर ती कोणत्या जातीत बसते, हे स्वतः ठरवू नका. बांधायला घेण्याआधी डीएमव्हीला विचारून घ्या.

तयार गाडी विकत घेताना

दुसऱ्याने बांधलेली हॉट रॉड घेताना रंग आणि क्रोम बघायला वेळ खूप मिळतो. आधी पुढचं बघा.

टायटलवरचं साल आणि बॉडीचं साल जुळतात का? टायटलवर १९३२ आणि बॉडी फायबरग्लासची असेल तर ही गाडी डीएमव्हीकडे काय म्हणून नोंदलेली आहे, हे विक्रेत्याला विचारा आणि एसबी १००चं प्रमाणपत्र दाखवायला सांगा.

चासीवरचा क्रमांक आणि टायटलवरचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा.

१९७६ किंवा नंतरची गाडी असेल तर मालकी बदलताना स्मॉगचा दाखला देणं विक्रेत्याचं काम आहे. ‘तुम्हीच करून घ्या, किंमत कमी करतो’ असं म्हणाला तर त्याला ते होणार नाही हे माहीत आहे, असं समजा.

नियंत्रित गाडीचं इंजिन बदललेलं असेल तर दाराच्या खांबावर रेफरीचं लेबल आहे का? नसेल तर रेफरीला हवी ती कामं तुमच्या खिशातून होणार.

गाडी दुसऱ्या राज्यातून येत असेल तर तिथे पास झाली होती, हे इथे काही कामाचं नाही. ॲरिझोनाच्या धूळमाखल्या सुंदर १९७७च्या गाडीवर पैसे टाकण्याआधी हे मनाशी म्हणा.

इतर राज्यांत राहणाऱ्यांसाठी

कॅलिफोर्नियाबाहेर बहुतेक ठिकाणी हवा मोकळी आहे. टेक्सासमध्ये धुराची तपासणी निवडक काउंट्यांतच होते आणि तीही २ ते २४ वर्षं वयाच्या पेट्रोल गाड्यांची. न्यू जर्सीत १९९५ आणि त्याआधीच्या साध्या पेट्रोल गाड्यांची धुराची तपासणी २०१६ पासून थांबली आहे. नेव्हाडात वर्षाला ५,००० मैलांच्या आत चालणाऱ्या जुन्या गाड्यांना खास नंबर प्लेटवर सूट मिळते. अनेक राज्यांनी १९४८ पर्यंतच्या ‘स्ट्रीट रॉड’ आणि त्यानंतरच्या, पण पंचवीस वर्षांहून जुन्या ‘कस्टम’ गाड्या असे दोन वर्ग केले आहेत, आणि गाडी जशी दिसते त्या सालाने तिची नोंद होते. सुटे भाग बनवणाऱ्यांची संघटना ‘सेमा’, जी १९६३ साली स्थापन झाली, तिने या नमुना कायद्यासाठी राज्याराज्यांत पाठपुरावा केला.

तरी एक गोष्ट देशभर लागू आहे. नियंत्रित गाडीची प्रदूषण साधनं काढणं किंवा निकामी करणं केंद्रीय क्लीन एअर अ‍ॅक्टखाली बेकायदा आहे, तुमच्या गावी तपासणी होत असो वा नसो. रस्त्याची गाडी केवळ शर्यतीसाठी बदलायला स्पष्ट मुभा द्यावी, यासाठी ‘आरपीएम अ‍ॅक्ट’ नावाचं विधेयक २०१६ पासून पुन्हा पुन्हा मांडलं गेलं, पण ते मंजूर झालेलं नाही. केंद्रीय पर्यावरण संस्थेने २०२० साली सांगितलं की दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची साधनं काढून टाकली गेली. त्याच सुमारास कारवाईचा रोख सॉफ्टवेअर ट्यून आणि साधनं निकामी करणारे भाग विकणाऱ्यांकडे वळला. हॉट रॉडवाल्यांना त्याची झळ भाग मिळेनासे होण्यातून बसते.

धूरच नको असेल तर

विजेवरची हॉट रॉड हा आता थट्टेचा विषय राहिलेला नाही. फोर्डने २०२१ साली ‘एल्युमिनेटर’ ही २८१ अश्वशक्तीची मोटर सुटी विकायला काढली. कॅलिफोर्नियात गाडी पूर्ण विजेवर नेली की स्मॉग चेक सुटतो. अट अशी की इंजिन, इंधनाची टाकी आणि धुराची नळी यांतलं काहीही गाडीत उरता कामा नये, आणि डीएमव्हीत इंधनाचा प्रकार बदलून घ्यायचा. १९७६ ते १९९५च्या गाडीत अडकलेल्यांसाठी ही सगळ्यात सरळ वाट आहे. खर्च मात्र मोटरचा नसतो, बॅटरीचा असतो. तो आधी मोजा.

आपल्याकडची फियाट, आपल्याकडचे नियम

मुंबईची डुक्कर फियाट अमेरिकेत नेऊन तिची रॉड करावी, असं स्वप्न काहींना पडतं. पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला तिथल्या सुरक्षा नियमांतून सूट मिळते. धुराच्या केंद्रीय नियमांतून सूट एकवीस वर्षांवर मिळते, पण गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. म्हणजे बदल भारतात करून नेऊ नका. आणि १९७५ नंतरची गाडी केंद्राच्या दारातून आत गेली तरी कॅलिफोर्नियाच्या दारात अडकू शकते; पन्नास-साठच्या दशकातली फियाट घेणंच बरं.

महाराष्ट्रात मात्र हॉट रॉडला रस्त्यावर जागा जवळपास नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. २०२१च्या विंटेज नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी आहे आणि ती दहा वर्षं टिकते. पण चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं. म्हणजे अमेरिकेत जुन्या गाडीत बदल करायची मोकळीक मिळते, आपल्याकडे जुनी गाडी जशीच्या तशी जपायची मोकळीक मिळते. मंजूर सीएनजी किंवा विजेचा रेट्रोफिट संच आरटीओच्या परवानगीने बसवता येतो. बाकी सगळं करायचं असेल तर गाडी ट्रेलरवर टाकून खासगी ट्रॅकवरच न्यावी.

शेवटचा सल्ला

पहिलीच गाडी बांधत असाल तर १९६५ किंवा त्याआधीची, स्वतःची खरी चासी आणि स्वतःचं खरं टायटल असलेली गाडी घ्या. बॉडी थोडी गंजलेली चालेल. गंज काढता येतो, खोटं टायटल दुरुस्त करता येत नाही. ते जमत नसेल तर एसबी १००ची फाइल करा आणि जानेवारीची वाट बघा. आणि मन १९७६ ते १९९५च्या गाडीवरच बसलं असेल, तर इंजिन घेण्याआधी रेफरीला फोन करा. त्या एका फोनला काहीच पडत नाही. तो न केल्याची किंमत मात्र पूर्ण इंजिनाइतकी पडते.